गाडीत काही दोष नाही

हेळवाक मागे पडलं आणि कुंभार्ली घाटाची पहिली वळणं सुरू झाली, तेव्हा नसीम शेजारी बसून डब्यातल्या केसांच्या पिना निवडत होती. चिपळूणला लग्न होतं. नवरीला नऊवारी नेसवायची, अंबाडा घालायचा, मुंडावळ्या बांधायच्या, सगळं मुहूर्ताच्या आधी. मागच्या सीटवर आमच्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या.

"ताई, एसी बंद केलात का?" नसीमनं विचारलं.

मी एसीला हातही लावला नव्हता. तेवढ्यात समोरचे सगळे दिवे एकदम पेटले, लाल, पिवळे, कधी न पाहिलेले, आणि विझले. इंजिनाचा आवाज गेला. उतार असल्यामुळे गाडी मात्र थांबली नाही. ती आवाज न करता नुसती घरंगळत राहिली, आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग दगड झालं.

मी ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा अर्धवट लागला, तिसऱ्यांदा पायाखाली भिंत आल्यासारखा घट्ट झाला. समोर वळण होतं. उजव्या अंगाला कठडा आणि कठड्यापलीकडे काहीच नाही, पांढरं धुकं. मी दोन्ही हातांनी, अक्षरशः लोंबकळून, स्टिअरिंग डावीकडे ओढलं. मग एक हात सोडला आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेले. गाडीचा डावा गाल डोंगराला घासत गेला. पत्र्याचा तो आवाज बराच वेळ चालू होता असं मला वाटलं. मग चाक गटारात उतरलं आणि आम्ही थांबलो.

नसीम ओरडली नव्हती. तिनं डब्याचं झाकण छातीशी धरलं होतं आणि पिना सगळ्या तिच्या पायाशी सांडल्या होत्या. मागून आलेला ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला.

पाचदहा मिनिटं आम्ही तशाच बसलो. मग मी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. एसीसुद्धा लागला. कशातच काही नव्हतं.

त्या सबंध दिवसात मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण ती गाडी घरात कशी आली ते मला काल घडल्यासारखं आठवतं. मी कराडला नवऱ्या सजवण्याचं काम करत होते, अजूनही करते. पाटणपासून वाईपर्यंत आणि खाली कोकणात बोलावणी यायची. एसटीनं पेट्या वाहून खांदे उतरले होते. शेवटी दसऱ्याला गाडी घेतली. कर्ज माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर. त्या घरात माझ्या नावावर आलेली ती पहिली वस्तू. माझे यजमान, दिगंबर थोरवडे, साखर कारखान्यात केमिस्ट होते. त्यांनी हौसेनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं होतं.

चिपळूणहून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं शोरूमला गेलो. तिथले मॅनेजर निशिकांत बर्गे, गोरेपान, सोन्याच्या काडीचा चष्मा, बोलणं सायीसारखं. त्यांनी गाडी आत नेली, कॉम्प्युटर लावला, आणि चहा संपायच्या आत बाहेर आले.

"बिघाडाचा एकही कोड नाही दाखवत. गाडीत काही दोष नाही."

"मग बंद कशी पडली?" मी विचारलं.

ते माझ्याकडे न बघता यांच्याकडे बघून हसले. "वहिनींचा हात नवा आहे का?"

"लग्नाच्या आधीपासून चालवते मी. वडिलांची जीप चालवायचे."

"तसं नव्हे. घाटात उतरताना काहींना न्यूट्रल करायची सवय असते, पेट्रोल वाचवायला. किंवा घाईत किल्लीला गुडघा लागतो. आमच्याकडे लेडीज कस्टमरच्या अशा केसेस येतात."

दिगंबरही थोडं हसले. मला ते हसणं लागलं. डावी बाजू पत्रा ठोकून, रंगवून मिळाली. कागदावर शिक्का होता, 'तपासणी केली, दोष आढळला नाही.'

दुसऱ्यांदा ती पसरणी घाटात गेली. पाचगणीचं लग्न उरकून वाईकडे उतरत होतो. या वेळी मी पहिल्यापासून खालच्या गिअरमध्ये, कासवासारखी चालवत होते, म्हणून एका चहाच्या टपरीपाशी रेतीच्या ढिगात शिरून थांबता आलं. टपरीवाला धावत आला. त्यानं बॉनेट उघडलं, पाणी पाजलं, मी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला लाज वाटली.

"यंत्रानं आधी कोड तरी दाखवायला हवा," दिगंबर म्हणाले. मग त्यांनी स्वतःच गाडी वापरायला घेतली. रोज कारखान्याला न्यायचे, आणायचे. गाडी मांजरासारखी वागली. संध्याकाळी चावी खुंटीला अडकवताना ते एकदा माझ्याकडे बघायचे.

एके दिवशी जेवताना त्यांनी विचारलंच. "माणिक, रागावू नकोस. माझ्याकडे एकदाही का होत नाही?"

खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलं होतं की माझ्यातच काहीतरी बिघडलंय. नवरीच्या डोळ्यांत काजळ घालताना माझी रेघ वाकडी जायची. नसीम हळूच पुढे होऊन म्हणायची, "ताई, द्या, मी करते." तिनं माझ्या गाडीत बसायचं बंद केलं होतं. तिला दोन लहान मुली होत्या. मी तिला काय म्हणणार!

कर्ज देणाऱ्या कंपनीत गेले. काचेपलीकडचा तरुण मुलगा म्हणाला, "गाडी चालते की नाही हा तुमचा आणि शोरूमचा प्रश्न, मॅडम. आमचा हप्ता थांबला की आमची माणसं गाडी उचलणार."

तिथून बाहेर पडले आणि सरळ सुचेता कुंभारे वकिलांकडे गेले. त्यांच्या भाचीला लग्नात मी सजवलं होतं, तेवढीच ओळख. बाई कमी बोलायच्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तीन गोष्टी. हप्ता एकही चुकवायचा नाही, चुकवलात तर ते तुम्हालाच थकबाकीदार ठरवतील. गाडी घाटात न्यायची नाही. आणि इथून पुढे शोरूमशी तोंडी बोलायचं नाही, जे काय ते लेखी."

"पण ते म्हणतात दोष नाहीच."

"म्हणू देत. नवीन वस्तू सदोष निघाली तर विकणारा आणि बनवणारा दोघांनाही जाब विचारता येतो. बदलून मागता येते, पैसे परत मागता येतात. आपण साताऱ्याला ग्राहक आयोगात जाऊ. कर्जवाल्यांनाही त्यात ओढू, म्हणजे उद्या निकाल लागल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला नकोत." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "घरचे बरोबर आहेत ना तुमच्या?"

मी हो म्हणाले.

नोटीस गेली आणि त्याच आठवड्यात रविवारी सकाळी बर्गे आमच्या दारात उभे राहिले. हातात पेढ्यांचा पुडा.

"कोर्टकचेरी कशाला, वहिनी?" ते सोफ्यावर बसत म्हणाले. "शेठ म्हणाले, विषय मिटवा. गाडी आम्ही परत घेतो. कर्ज आम्ही बंद करतो. तुम्ही आत्तापर्यंत भरलेले पैसे तुम्हाला परत."

दिगंबरांच्या चेहऱ्यावरचा ताण मला उतरताना दिसला. कितीतरी दिवसांनी त्यांनी मोकळा श्वास घेतला असावा.

"फक्त एक सही लागेल." बर्ग्यांनी बॅगेतून कागद काढला. गाडीत काही दोष नाही, घरगुती अडचणीमुळे स्वखुशीनं परत करत आहे, तक्रार मागे घेत आहे, असा मजकूर होता.

"गाडीचं पुढं काय करणार?" मी विचारलं.

"ते आमच्यावर सोडा."

"दुरुस्त करणार?"

"दोष असेल तर दुरुस्त करायचा ना?" ते हसले. "गिऱ्हाईक आहे. दुपारी बघायला येतील. तुम्ही फक्त चावी द्या. सही उद्या केलीत तरी चालेल." उठताना त्यांनी दिगंबरांच्या खांद्यावर हात ठेवला. "कारखान्याचे मोठे साहेब आमचे जुने ग्राहक आहेत, दिगंबरराव. परवाच तुमचा विषय निघाला. चांगला माणूस आहे म्हणाले. सांभाळून असावं."

ते गेल्यावर पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला. दिगंबर म्हणाले, "सुटलो." मी म्हणाले, "आपण सुटलो." ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग पेपर उघडून बसले.

दुपारी जे जोडपं आलं ते कोयनानगरचं होतं. रघुवीर सकपाळ पाटबंधारे खात्यात नोकरीला होते, उंच, बोलके. बरोबर त्यांची बायको हेमलता. रंग निस्तेज, पायांवर सूज, डाव्या हाताला कोपराच्या खाली पट्टी. सकपाळांनी आपणहून सांगितलं. "हिच्या किडन्यांचं चाललंय. दिवसाआड डायलिसिस. चिपळूणला नंबर लागलाय, तिथं हिचं माहेर आहे म्हणून बरं पडतं. पण एसटीनं घाट उतरायचा आणि परत चढायचा, ही पार गळून जाते. गाडी असली की आडवं तरी पडता येईल."

घाट. दिवसाआड.

मी दिगंबरांकडे पाहिलं. ते दारापाशी उभे होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, पाहुण्यांना दिसणार नाही इतकी. नको.

"सकपाळ," मी म्हणाले, "ही गाडी घेऊ नका. घाटात बंद पडते. ब्रेक, स्टिअरिंग, सगळं जातं. माझ्याबरोबर दोनदा झालंय."

मला वाटलं होतं ते दचकतील. ते हसले.

"बर्गेसाहेब म्हणालेच होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई असं सांगतील. त्यांचं मन गाडीत अडकलंय, पण एकदा ठोकल्यापासून घरचे हात लावू देत नाहीत. राग मानू नका, ताई. आमच्यासारख्याला नवी घेणं झेपत नाही, ही अशी नव्यासारखी मिळतेय." त्यांनी हात पुढे केला. "एक चक्कर मारून बघतो."

मी बोलायच्या आत दिगंबरांनी चावी दिली.

ते दोघं पुरुष गाडी घेऊन मलकापूरच्या बाजूला गेले. हेमलता पाणी हवं म्हणून माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. तिला पाणी मोजून प्यावं लागायचं, दोन घोट घेतले आणि भांडं तसंच हातात धरून उभी राहिली.

"खरंच जातं सगळं?" तिनं विचारलं.

"खरंच."

"यांनी ठरवून टाकलंय. माझ्यासाठी चाललंय सगळं, मी नको कशी म्हणू?" मग जरा थांबून म्हणाली, "तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मी तिला सांगितलं. ओट्यावरचं लाटणं घेऊन दाखवलं सुद्धा. हँडब्रेक एकदम खेचायचा नाही, मागची चाकं घसरतात. दात मोजल्यासारखा, एकेक करून वर घ्यायचा. गिअर काढायचा नाही. आणि काहीही झालं तरी गाडी डोंगराच्या अंगाला घालायची, पत्र्याची काळजी करायची नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती, शाळेतल्या पोरीसारखी. पुटपुटत होती.

गाडी परत आली. सकपाळ खुशीत होते. "लोण्यासारखी चालते हो!"

मी अंगणात गेले आणि त्यांच्या हातून चावी घेतली. "गाडी द्यायची नाहीये मला."

"अहो, पण बर्गेसाहेब..."

"गाडी माझ्या नावावर आहे. मी सही करणार नाही."

सकपाळांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "इतक्या लांबून आजारी माणसाला घेऊन आलो आम्ही. आधीच सांगायचं होतं." त्यांनी बायकोला हाताला धरून फाटकाबाहेर नेलं. तिनं एकदा मागे वळून पाहिलं.

दिगंबर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. पुढेही बरेच दिवस कामापुरतंच बोलले. संध्याकाळी बर्ग्यांचा फोन आला. आवाज तसाच, सायीचा. "ठीक आहे वहिनी. मग ठेवा दारात."

गाडीवर आम्ही निळी ताडपत्री टाकली. तक्रार दाखल झाली. साताऱ्याला तारखा पडू लागल्या, शोरूमचे वकील मुदत मागत राहिले. हप्ता दर महिन्याला जात होता, आणि मी पुन्हा एसटीनं पेट्या वाहत होते. अधूनमधून दोन माणसं मोटारसायकलवर येऊन फाटकासमोर थांबायची. काही बोलायची नाहीत. ताडपत्रीचा कोपरा उचलून नंबर बघायची आणि जायची. एकदा मी बाहेर जाऊन विचारलं, "कोण तुम्ही?" एकजण म्हणाला, "हप्त्यावर लक्ष आहे, बाई." हप्ता एकही चुकला नव्हता. दिगंबरांना कारखान्यात प्रयोगशाळेतून काढून गोदामावर टाकलं. कारण कोणी सांगितलं नाही. आणि माझी बोलावणी कमी झाली. एका नवरीच्या आईनं फोनवर स्पष्टच विचारलं, "तुम्हाला म्हणे चक्कर येते, खरं का? मुलीच्या डोळ्यांशी काम असतं, म्हणून विचारलं."

माझ्या छोट्या पार्लरमध्ये आरशासमोर उभी राहून मी स्वतःला विचारायचे, खरंच माझा गुडघा लागला असेल का? वाईटात वाईट ते होतं. बर्ग्यांचं वाक्य माझ्या डोक्यात राहायला आलं होतं आणि ते माझ्याच आवाजात बोलायला लागलं होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी पार्लरचं दार उघडलं आणि हेमलता सकपाळ आत आली. आधी मी ओळखलंच नाही. आणखी वाळली होती, कपाळावर टाके, उजवा हात गळ्यात बांधलेला. बरोबर तिचा भाऊ होता, तो बाहेरच थांबला.

मी तिला खुर्चीत बसवलं. नसीमनं पंखा वाढवला.

"आम्ही दुसरी घेतली," ती म्हणाली. "तिथूनच. बर्गे म्हणाले, त्या बाईचा हात लागलेली नको असेल तर ही कोरी घ्या, तीच कंपनी, तेच मॉडेल. सवलत देतो. यांनी फंडातून उचललं, बाकीचं कर्ज."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"पहिले दोनतीन महिने छान गेली. मी मागच्या सीटवर झोपून जायचे. त्या दिवशी मात्र मळमळत होतं म्हणून पुढं बसले होते. मध्यावर आलो आणि सगळे दिवे लागले. मला काही विचार करावा लागला नाही. हे ब्रेकवर उभे राहिले होते, नुसतं 'अरे, अरे' म्हणत होते. मी म्हटलं, डोंगराला घाला, डोंगराला घाला. आणि हँडब्रेक मी घेतला. एकेक करून." तिनं बांधलेल्या हाताची बोटं हलवली. "तरी एक दगड होता पुढं आलेला, त्यावर आदळलो. यांचं मांडीचं हाड मोडलं. ते अजून पडूनच आहेत."

नसीम मागे रडत होती. हेमलता रडली नाही.

"यांनी पाठवलंय मला. म्हणाले, त्या ताईंना जाऊन सांग, मी हसलो होतो. आणि जिथं सांगायचं असेल तिथं आपण सांगू. माझा दिवसाआडचा वार सोडून कुठलाही चालेल."

सकपाळांचीही तक्रार दाखल झाली, आणि ती साताऱ्याला आली. आयोगासमोर तिनं उभं राहून सगळं सांगितलं, बसायला खुर्ची दिली तरी बसली नाही. शोरूमच्या वकिलांनी विचारलं, "गाडी चालवता येते का तुम्हाला?" ती म्हणाली, "नाही." "मग हँडब्रेक कसा लावायचा ते कुणी शिकवलं?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "यांनी. लाटण्यावर." कुणीतरी हसलं, पण आयोगाच्या अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांनी दोन्ही गाड्या तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा हुकूम दिला.

सकपाळांची गाडी मोडून पडलेली, तेव्हा तपासायला धडधाकट अशी माझीच होती. तज्ज्ञ म्हणून आले ढवळे सर, इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी गाडी वर्कशॉपला नेलीच नाही. मला म्हणाले, "त्या दिवशी कशी नेली होतीत? तशीच नेऊ. पेट्या ठेवा, एसी लावा." पुढे ते स्वतः, शेजारी कंपनीचा इंजिनिअर, आणि मागे एका माणसाची जागा. दिगंबर ताडकन म्हणाले, "मी बसतो."

मी आणि कुंभारे वकील त्यांच्या गाडीतून मागे. कराड, मल्हारपेठ, पाटण, कोयनेपर्यंतचा तो सगळा चढ. हेळवाकनंतर घाट लागला. ढवळे सर माणसाच्या चालीनं उतरत होते. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मी मनात म्हणत होते, आज नाही होणार. आज काही होणार नाही आणि मी खोटी ठरणार. आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, होऊ नये देवा, दिगंबर आत आहेत.

पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे विझले.

बाकी काहीच झालं नाही, दिवे तेवढे विझले. गाडी आवाज न करता वळणाकडे सरकत राहिली. वकीलबाईंनी माझं मनगट धरलं. मग गाडी डावीकडे कलली, डोंगराला टेकली, थांबली.

आम्ही पोचलो तेव्हा कंपनीचा इंजिनिअर रस्त्याकडेला उकिडवा बसला होता. ढवळे सरांनी बॉनेट उघडलं होतं आणि आत टॉर्च मारून बघत होते. तारांचा एक जाड जुडगा तापलेल्या लोखंडाला घासत होता. त्याला धरून ठेवणारी चिमटी मुळातच बसवलेली नव्हती. घाटातल्या चढउतारात इंजिन तापलं की तारा तिथं टेकायच्या आणि सगळा वीजपुरवठा तुटायचा. निवलं की पुन्हा सुरू.

"गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोड का नाही राहिला मग?" वकीलबाईंनी विचारलं.

"कोण लिहिणार कोड?" ढवळे सर म्हणाले. "त्या कॉम्प्युटरचाच जीव जात होता."

दिगंबर कठड्यापाशी उभे राहून खाली बघत होते. मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता कठड्यावर हात टेकले. मग म्हणाले, "माणिक, ती माणसं आली होती तेव्हा मी मान हलवली होती."

"पाहिलं होतं मी," मी म्हणाले. त्यांनी माझा हात घट्ट धरला, तो वकीलबाईंची गाडी कराडला पोचेपर्यंत सोडला नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. दोघांनी मिळून, विकणाऱ्यानं आणि बनवणाऱ्यानं, पैसे परत करायचे, कर्ज फेडायचं, सकपाळांच्या दवाखान्याचा खर्च द्यायचा. बर्गे त्या आधीच दुसऱ्या कुठल्या गावच्या शोरूमला गेले होते, बढतीवर. गाडी न्यायला क्रेनची गाडी आली तेव्हा मी पंख्याखाली बसून एक दीर्घ श्वास घेतला. संपलं, असं वाटलं.

पण हुकूम दोनच गाड्यांपुरता होता. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती पेपरात बातमी छापून आल्यावर. माझा नंबर पार्लरच्या जाहिरातीत सगळीकडे होताच. आधी नांदेडहून एका डॉक्टरांचा फोन आला. मग अकलूजहून. गाडी तीच, आणि उत्तरही तेच, दोष नाही. मी प्रत्येकाला कुंभारे वकिलांचा नंबर द्यायचे.

आणि एका सकाळी मी एका नवरीला मेंदी काढून उठत होते, तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तरुण बाईचा, घाबरा.

"माणिकताई का? तुमची बातमी वाचली. माझीही गाडी तीच आहे. दोनदा बंद पडली. शोरूमवाले म्हणतात तुम्हाला चालवता येत नाही. आमच्या घरीही तसंच म्हणतात. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं, की खरंच..."

तिच्या आवाजामागे मला दुसरा आवाज ऐकू येत होता. इंजिनाचा. आणि एका लहान मुलाची बडबड.

"कुठे आहेस तू आत्ता?" मी विचारलं.

"गाडीतच आहे. स्पीकरवर बोलतेय. रत्नागिरीला चाललोय, आता आंबा घाट लागेल."

माझ्या हातातला मेंदीचा कोन खाली पडला. "घाट उतरू नकोस," मी म्हणाले. "ऐक, आत्ताच्या आत्ता गाडी बाजूला घे. उतार लागायच्या आत."

पलीकडे इंजिनाचा आवाज एकदम बंद झाला.

तो तिनं बंद केला होता की गाडीनं, मला कळेना. मी हॅलो हॅलो म्हणत राहिले. नवरी, तिची आई, नसीम, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. फोनमध्ये नुसता वारा येत होता.

मग मुलाचा आवाज आला, "आई, का थांबलो?" आणि तिचा. "लावली बाजूला. बोला ताई."